सोलापूर शिकायला पुण्याला

आमच्या सोलापूरचं पोरगं यूपीएससीची मेन्स पास झालं की आधी पुण्याची गाडी पकडतं. मुलाखतीला २७५ गुण, आणि जिल्ह्यावर प्रश्न हमखास! मग पेठेतल्या क्लासात फी भरून झेरॉक्स नोट्स मिळतात: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, फाशी, येरवडा, १२ जानेवारी १९३१. सोलापुरातल्या याच चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांखालून गडी वर्षानुवर्षं गाडी दामटत गेला, मान वर केली नाही. आता पिवळ्या मार्करने अधोरेखित करतोय.

पुढचा धडा, 'तुमचा दोष सांगा'. उत्तर ठरलेलं: "सर, मी परफेक्शनिस्ट आहे." म्हणजे दोषसुद्धा इस्त्री करून न्यायचा. 'ताणाखाली नियोजन कसं कराल?' यावर परदेशी मॅनेजमेंट गुरूचे चार मुद्दे, बोटांवर मोजून.

अरे बाबा, उजनी धरण भरलेलं असताना चार-चार दिवसांआड येणाऱ्या नळावर, रात्री दोनला उठून, वरच्या मजल्यावरच्या काकूंशी भांडण न करता तू पिंपं भरलीस की! बोर्डासमोर तेच सांग. परफेक्शनिस्ट तर त्यांनी सकाळपासून सात ऐकलेत.