खरी गोम कोमट पाण्यात
बाळाच्या दुधाची पावडर निर्जंतुक नसते. डबा कितीही महागाचा असो, क्रोनोबॅक्टरसारखा जंतू त्या कोरड्या भुकटीत महिनोन्‌महिने तग धरू शकतो. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, वजनानं कमी असलेल्या बाळाच्या रक्तात तो शिरला तर मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली सांगून ठेवलंय की पावडर कालवायचं पाणी किमान ७० अंश सेल्सिअस गरम हवं. दूध निववायचं ते कालवल्यानंतर.

आता ‘प्रोबायोटिक’ असं ठळक छापलेला डबा हातात घ्या. त्यात जिवंत जिवाणू असतात आणि ७० अंशांच्या पाण्यात ते मरतात. म्हणून अशा अनेक डब्यांवर पाणी उकळून कोमट होऊ द्यायला सांगितलेलं असतं. कोमट पाण्यात चांगले जिवाणू जगतात, तसे वाईटही जगतात. ज्या बाळाला जंतूंची सगळ्यात जास्त भीती, त्याच्याच वाटीत ही जोखीम का कालवायची?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्याचा एक भयंकर आजार होतो, डॉक्टर त्याला ‘नेक’ म्हणतात. पोट फुगून ताणतं, नळीतून हिरवट पाणी परत येतं, शौचात रक्त दिसतं, आतड्याचा तुकडा काळा पडतो आणि कधी कधी कापून काढावा लागतो. दूधपेढीत इतर मातांनी दान केलेल्या दुधाशी तुलना केली तर पावडरीच्या दुधावर या आजाराचा धोका जवळपास दुप्पट होतो. म्हणजे जी पावडर धोका वाढवते, तिच्यातच जिवाणूंचा उतारा घातलाय असं बापाला सांगायचं. हे मला मान्य नाही.

जिवाणूंचं शास्त्र खोटं नाही, हे आधी कबूल करतो. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. पण ती बाळं किमान दोन किलोची होती, आईचं दूध पीत होती, आणि त्यांना एक ठरावीक जिवाणू त्याच्या खुराकासह सात दिवस औषधासारखा मोजून दिला होता. उलट ब्रिटनमध्ये अपुऱ्या दिवसांच्या तेराशेवर बाळांना दुसरा जिवाणू दिला, त्याचा काहीच उपयोग झाला नाही. तो निष्कर्ष २०१६ चा. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात ५६ चाचण्या एकत्र केल्या. नेक कमी होत असावा, असं त्यात दिसलं. किलोच्या आतल्या बाळांना फायदा होतो असं मात्र दिसलं नाही. आणि २०२३ मध्ये अमेरिकेत अशाच एका इवल्या बाळाच्या रक्तात त्याला दिलेलाच जिवाणू सापडला, बाळ गेलं, आणि तिथल्या औषध प्रशासनानं देशभरच्या डॉक्टरांना इशारा दिला.

एका जिवाणूचा पुरावा दुसऱ्याला लागू होत नाही. दुकानातल्या डब्याला तर नाहीच नाही.

आईच्या दुधाचं मात्र तसं नाही. त्यात लॅक्टोज आणि स्निग्धांशाच्या खालोखाल असतात त्या काही साखरा, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात आतड्यातल्या बिफिडो जिवाणूंसाठी. बाळाबरोबर त्याच्या जिवाणूंचंही जेवण तिथे तयार असतं.

हे दूध उतरवायला मात्र माणूस लागतो. पहिल्या दिवशी दाबून दाबून चिकाचे दोन-तीन थेंब निघतात. ते सिरिंजमध्ये ओढून घ्यायचे, बाळाच्या गालाच्या आत लावायचे. ‘एवढंसं? हिला दूधच नाही, वरचं चालू करा,’ असं आजी म्हणतेच. त्या क्षणी शेजारी बसून ‘आजी, आज एवढंच येतं, उद्या वाढेल’ असं सांगणारी आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, आईला उठवून दूध काढायला बसवणारी सिस्टर हवी. बाळ काचेत एका मजल्यावर आणि आई दुसऱ्या मजल्यावर असेल तर दूध आटणारच. आईचं पुरलं नाही तर दूधपेढी आहे. मुंबईत सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये ती सुरू केली, आशियातली पहिली. पस्तीस वर्षं उलटून गेल्यावर तरी अशी पेढी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असायला हवी.

बाळाच्या दुधाच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. डब्याच्या दर्शनी भागावरचा ‘प्रोबायोटिक’ हा शब्द जाहिरातच करतो; तोही काढायला लावा. तोवर ज्यांचं बाळ काचेत आहे त्यांनी डब्याकडे हात न्यायच्या आधी डॉक्टरांना विचारावं: जवळची दूधपेढी कुठे आहे? आणि डॉक्टरांनीच जिवाणूंचे थेंब लिहून दिले, तर कुठला जिवाणू, किती दिवस, आणि माझ्या बाळाएवढ्या वजनाच्या बाळांवर तो तपासलाय का?