कालव्याच्या गावी एकटा

हल्ली प्रत्येक मध्यमवर्गीय कुटुंबातील निदान एक तरी आप्त युरोपखंडात वास्तव्य करून असतो, आणि तो सुटीत स्वदेशी परतला म्हणजे व्हेनिस अथवा ॲम्स्टरडॅम येथील कालव्यांची छायाचित्रे समस्त गोतावळ्यास सक्तीने दाखवतो. हा विधी सोळा संस्कारांत सतरावा म्हणून आता रूढ झाला आहे. आमच्या नाशिकरोडच्या बिऱ्हाडी तो पुतण्याच्या हस्ते यथासांग पार पडला. पाण्यातून वर आलेल्या हवेल्या, कमानदार पूल आणि नावेत बसूनही छत्री न विसरणारे प्रवासी पाहून झाल्यावर त्याने, “काका, आपल्याकडे असं काही नाही,” असे भरतवाक्य उच्चारले, तेव्हा माझ्यातील सुप्त प्रादेशिक अभिमान खडबडून जागा झाला आणि मी म्हणालो, “कोपरगाव आहे!” बोलून गेल्यावर जाणे प्राप्तच होते. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “कोपरगावात कोणाचं लग्न आहे?”

हा प्रश्न वरकरणी वाटतो तितका अनाठायी नव्हता. नाशिकचा मनुष्य कोपरगावी उतरतो तो लग्नाला, नाहीतर शिर्डीला जाण्यासाठी. खुद्द कोपरगावासाठी कोपरगावी जाणारा इसम त्या मार्गावरील प्रवाशांच्या पाहण्यात नसावा. ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे ही स्थानके मागे टाकीत गाडी निफाडास आली, न्यायमूर्ती रानड्यांच्या त्या जन्मगावास मी बसल्या जागेवरून नमस्कार केला, लासलगावास कांद्याने आपले अस्तित्व नाकावाटे सिद्ध केले, आणि मनमाडास गाडी बदलून दौंडच्या लोहमार्गावर आल्यानंतर समोरच्या बाकावरील एका सद्गृहस्थाने, “बाबांच्या दर्शनाला ना?” असे गृहीत धरूनच मला खडीसाखर देऊ केली. “नाही, कोपरगावचा कालवा पाहायला,” असे मी सांगताच त्यांनी अत्यंत कनवाळूपणे माझ्याकडे पाहिले व खडीसाखरेचा आणखी एक खडा दिला. खिडकीतून अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले सरकत होते. पुढे पैठणीचे आणि तात्या टोप्यांचे येवले गेले. आणि नंतर उसाचे हिरवे फड असे काही सुरू झाले, की कालवा दिसण्यापूर्वीच त्याची वर्दी पोचावी.

कोपरगावी स्वखुशीने जाण्याची ही माझी हौस इतिहासाच्या सर्वस्वी विरुद्ध होती. १७७६ च्या पुरंदरच्या तहात राघोबादादांनी फौजफाटा मोडावा, दरमहा पंचवीस हजारांची तैनात घ्यावी आणि गोदाकाठी कोपरगावी स्वस्थ बसावे, असे ठरले होते. ज्या पुरुषाच्या नावावर अटकेपर्यंतची दौड जमा आहे, त्यास कोपरगावी स्वस्थ बसावयास सांगणे म्हणजे काय, याची कल्पना सेवानिवृत्त मनुष्यासच येऊ शकेल. दादासाहेबांनी तो तह जुमानला नाही. इंग्रजांच्या वळचणीला राहून आणखी काही वर्षे खटपट करून पाहिली. आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह झाल्यावर अखेर आले ते कोपरगावीच. पुढल्याच वर्षी, डिसेंबरात, त्यांचा काळ झाला. पेशवाईचा एक दावेदार तहनाम्याने जेथे पाठवावा लागला, तेथे मी परतीचे तिकीट काढून आपण होऊन आलो होतो. एवढ्या एका बाबतीत तरी मी दादासाहेबांहून वरचढ ठरलो.

स्थानकाबाहेर रिक्षावाल्यास “कालव्यावर ने” म्हटले, तेव्हा त्याने “कालव्यावर कुणाकडे?” असा बिनतोड सवाल टाकला. कालवा हा पत्त्याचा भाग असू शकतो, पत्ता असू शकत नाही, हे त्याचे मत सबंध तालुक्याचे मत असल्याचे मला पुढे समजले.

आणि तो कालवा मला दिसला. काठाने मुरमाचा रस्ता, त्यावर बाभळींची विरळ सावली, दोन्ही अंगांस वाढलेले गवत, आणि मधून चालले होते गढूळ, घाईचे, कोणाकडेही न पाहणारे पाणी, एखाद्या कारकुनाने कचेरीची वेळ गाठावी तसे. चारीच्या तोंडाशी एक लोखंडी दार होते; त्याच्या साखळीस दोन कुलुपे होती. एक खात्याचे. दुसरे कोणाचे, हे मी विचारले नाही, आणि वाचकांनीही कधी विचारू नये.

१८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळाने सरकारची झोप उडाल्यानंतर इगतपुरीकडील दारणेवर धरण बांधण्याचे काम निघाले, ते १९१६ मध्ये पुरे झाले. दारणेचे पाणी गोदावरीतून नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत आणून तेथून डावा व उजवा असे दोन कालवे काढण्यात आले. हेतू असा, की रयतेची ज्वारी-बाजरी अवर्षणात तगावी. रयतेने हेतूबद्दल साहेबाचे आभार मानले आणि ऊस लावला. मग साकरवाडीस साखर कारखाना आला, पुढे सहकारी कारखाने आले, आणि दुष्काळनिवारणार्थ काढलेल्या कालव्यावर साखरेचे साम्राज्य उभे राहिले. माझ्या मते साहेब या देशात ज्या ज्या बाबतींत फसला, त्यांतील ही सर्वांत गोड होय.

मी टिपणवही काढून चार ओळी लिहितो न लिहितो, तोच सायकलवरून एक वयस्क शेतकरी उतरला, माझा चष्मा, छत्री आणि वही यांचा त्याने एकत्रित अर्थ लावला आणि म्हणाला, “साहेब, टेलला पाणी कधी पोचवताय?” मी पाटबंधारे खात्याचा नव्हे, हे पटवून देण्यात माझा बराच वेळ खर्ची पडला, खात्याचे लोक हेच सांगतात, असे त्याचे म्हणणे होते. पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज वेळेत भरला, पाणीपट्टी चुकती केली, तरी आवर्तन वरच्या वर संपते आणि शेवटच्या चारीस नुसता ओलावा पोचतो, रात्री दारे धरायला जावे तर वीज नसते, ही सारी कैफियत त्याने मला इतक्या तपशिलाने ऐकवली, की मी वहीत खरोखरच नोंद करू लागलो. तेणेकरून त्याचा संशय दृढच झाला.

“गाव कोणतं तुमचं?” त्याने शेवटी विचारले.

“नाशिक. कालव्याचं पाणी पाहायला आलो.”

“नाशिककर पाणी पाहायला येत नाहीत,” तो शांतपणे म्हणाला, “सोडतात. तेही कोर्टानं सांगितल्यावर. आणि तेही आमच्यासाठी नाही, जायकवाडीसाठी.”

यावर मला उत्तर नव्हते. गोदावरीच्या काठी वरचे गाव चोर आणि खालचे गाव खादाड, असा त्र्यंबकेश्वरापासून पैठणापर्यंत एकमुखी निवाडा आहे. नाशिकात राहून मी आजवर त्याचा उत्तरार्धच ऐकत आलो होतो, पूर्वार्ध प्रथमच समक्ष ऐकला. व्हेनिसच्या कालव्यावर प्रवाशाचा असा सरकारदरबारी सत्कार होत असेल, असे वाटत नाही. तेथे पाणी कोणाचे, हा प्रश्नच नाही. ते समुद्राचे आहे, आणि समुद्राकडे सात नंबरचा अर्ज कोणी करीत नाही. आमचा कालवा शोभेचा नाही. तो तंट्याचा आहे, म्हणजेच उपयोगाचा आहे. खुद्द कोपरगावकरांच्या पिण्याच्या पाण्याचे साठवण तलावही डाव्या कालव्यावरच भरतात. तेव्हा आवर्तनाची तारीख तेथे पंचांगातील तिथीहून अधिक अगत्याने विचारली जाते यात नवल नाही.

परतीच्या गाडीस अवकाश होता म्हणून कोपरगावच्या ‘बेट’ भागात जाऊन शुक्राचार्यांच्या देवळात बसलो. कचाने संजीवनी विद्या शिकली आणि देवयानीच्या हृदयाचा भंग केला, ते स्थान हेच, असे मानतात. येथे लग्न लावावयास मुहूर्त लागत नाही, शुक्राचा अस्तही आड येत नाही, अशी श्रद्धा आहे; सौभाग्यवतींच्या प्रश्नामागे केवढी परंपरा उभी होती, हे मला तेथे उमगले.

ज्यांस ही सहल करावयाची असेल त्यांनी जरूर करावी. मात्र निघण्यापूर्वी आवर्तन सुरू आहे की नाही याची चौकशी करावी, टिपणवही घरी ठेवावी, आणि कोणी गाव विचारलेच, तर मनमाड सांगावे.