पल्सऑडिओ, गप्प बसायचं तर सांगून बस

पल्सऑडिओ यास,

जूचंद्रच्या रांगोळीकारांच्या चिमटीतून जमिनीवर हुबेहूब माणूस उतरतो. अशाच एका कलाकाराची मुलाखत मी उबुंटू 22.04 या लिनक्स प्रणालीवर संपादित करत होतो आणि तू, तिचा आवाज सांभाळणारा प्रोग्राम, मुका झालास. पडद्यावर आवाजाची पट्टी नाचत होती, हेडफोनमध्ये मात्र शुकशुकाट. सगळा आवाज तू एचडीएमआयवाटे मॉनिटरकडे धाडत होतास आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाही! काम चालू असल्याचा देखावा करून ते भलतीकडे टाकणाऱ्याला आमच्याकडे कामचुकार म्हणतात. तू तोच आहेस.

टर्मिनलमध्ये ‘पल्सऑडिओ -के’ लिहून तुला मारलं. लगेच उठलास. तुझी सेवा थांबली तरी सगळ्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीपाशी तुझं सॉकेट जागंच असतं. एखाद्या प्रोग्रामने हाक मारली की तू हजर. तुला खरोखर थांबवायचं तर सेवा आणि सॉकेट दोन्ही एकदम बंद करावी लागतात. बरं, उठतोस तोही जुनी खोड घेऊन, कारण आधीची निवड तू ‘कॉन्फिग’मधल्या ‘पल्स’ फोल्डरात जपून ठेवतोस. ते फोल्डर बाजूला सारून तुला पुन्हा उठवलं, तेव्हा हेडफोन बोलला.

तुझे उपकार मी नाकारत नाही. लेनार्ट पोएटरिंग यांनी 2004 मध्ये तुला लिहायला घेतलं, 2008 मध्ये तू उबुंटूत आलास. प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र व्हॉल्यूम दिलास, चालू गाणं न थांबवता स्पीकरवरून हेडफोनवर नेलंस. पण एवढी सत्ता हाती घेतल्यावर बिघाड लपवायचा अधिकार तुला उरत नाही.

माझं काम तासभर अडलं, इतकंच. ओर्का हा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध माणसाचं काय? ओर्काचा आवाज तुझ्यातूनच जातो. तू गप्प झालास की त्याच्यासाठी अख्खा संगणक बंद पडतो, आणि तुला उठवायची आज्ञा नीट टाइप झाली की नाही, हेही त्याला ऐकू येत नाही.

उबुंटू 22.10 पासून तुझ्या जागी पाइपवायर आला. त्यालाही हेच बजावतो: गप्प बसायचं तर सांगून बस. आणि डेस्कटॉप बनवणाऱ्यांनी ध्वनिसेवा नव्याने सुरू करणारी एक कळजोडी आधीपासूनच लावून द्यावी. ती दाबायला पडदा दिसावा लागत नाही.

जूचंद्रहून,
तुझा एक संतापलेला वापरकर्ता