त्यात काय-काका

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत काकांना आडनाव आहे, पण ते मेंटेनन्सच्या पावतीपुरतं. बाकी सगळ्यांच्या तोंडी ते 'त्यात काय-काका'. कुणी 'थँक्यू' म्हणायचा अवकाश, की काकांचा उजवा हात माशी हाकलल्यासारखा हलतो आणि उद्गार येतो, "अहो, त्यात काय एवढं!"

त्यात काय काय होतं, हे पुढच्या वाक्यापासून सुरू होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना कणकवलीचं तत्काळ तिकीट हवं होतं. काकांनी काढून आणलं. वहिनींनी दारातच आभार मानले. "त्यात काय वहिनी! स्लीपरचं तत्काळ अकराला उघडतं. मी आपला पहाटे पाचलाच खिडकीवर. ही म्हणत होती, बीपीची गोळी तरी घेऊन जा. म्हटलं, गोळी काय, आल्यावर घेईन. आधी वहिनींचं काम. मध्ये एक एजंट घुसत होता, त्याला दिला आवाज..." आत गॅसवर दूध होतं. एजंट रांगेबाहेर जाईपर्यंत ते उतू गेलं. वहिनींनी एकूण चारदा आभार मानले आणि चारही वेळा काकांनी ते परत केले. व्याज तेवढं ठेवून घेतलं.

काकूंचं याच्या अगदी उलट. त्या पुरणपोळ्यांचा डबा शेजारी देतात. समोरची बाई "कशाला हो एवढं?" म्हणेपर्यंत काकू जिन्यात पोचलेल्या असतात. तिथूनच म्हणतात, "डबा सावकाश द्या!" विषय संपला. डबाही रिकामा परत येत नाही. चमचाभर साखर का होईना, असते. माझ्या मते आभार स्वीकारण्याची याहून सभ्य रीत अजून निघालेली नाही.

काकांच्या बँकेतल्या पिढीत 'मेन्शन नॉट' चालायचं. काका अजून मनीऑर्डरचा शिक्का मारावा तसं ते मारतात. त्यानंतरच्या पिढीनं 1989 सालचा 'मैंने प्यार किया' पाहिला आणि दोस्तीत थँक्यू-सॉरी बंदच करून टाकलं. काकांचा मुलगा आता 'एनी टाइम!' म्हणतो आणि दुसऱ्यांदा फोन केला तर उचलत नाही.

पण काकांची खरी परीक्षा गणेशोत्सवात. मंडपाची परवानगी, ध्वनिक्षेपकाची परवानगी, पोलीस ठाण्यातल्या खेपा, सगळं काकांनी निस्तरलं. बक्षीस समारंभाच्या आधी सेक्रेटरीला त्यांनी बाजूला घेऊन बजावलं, "हे बघ, आभारात माझं नाव बिलकूल घ्यायचं नाही हं." जुन्या सेक्रेटरीला याचा अर्थ बरोबर कळायचा: नाव शेवटी घे, सावकाश घे, आणि 'त्यांचे आभार न मानता त्यांच्या ऋणातच राहू' हे वाक्य विसरू नकोस. त्या वर्षीचा सेक्रेटरी नवीन होता. सरळ मुलगा. त्यानं नाव घेतलं नाही.

त्यानं लाइटवाल्याचे आभार मानले, वडेवाल्याचे मानले, न आलेल्या नगरसेवकांचेही मानले. 'शेवटी' हा शब्द ऐकताच प्रेक्षकांच्या खुर्च्या सरकायला लागल्या. पहिल्या रांगेत काकांचा उजवा हात आधीच कमरेपासून वर निघाला होता. तो वाटेतच थांबला आणि काही तरी करायला हवं म्हणून कान खाजवून खाली आला.

वड्यांच्या रांगेत काका प्रत्येकाला गाठून सांगत होते, "मीच सांगितलं होतं त्याला. मला नाही आवडत हे." वडेवाल्यालाही सांगितलं. त्याला आधी चटणी हवी असं वाटलं.

पुढच्या वर्षी "पोरांना जमत नाही" म्हणून आभारप्रदर्शन काकांनी स्वतःकडेच घेतलं. यादी झपाझप वाचली. नगरसेवकांना अर्ध्या श्वासात उरकलं. मग चष्मा काढून, पुसून, परत लावला आणि म्हणाले, "आणि ज्यांनी आपलं नाव घेऊ नये अशी निक्षून सूचना केली आहे, पण ज्यांच्याशिवाय हा मंडप उभाच राहिला नसता, त्या व्यक्तीचे..."

मागून कुणी तरी टाळी वाजवली. काकांचा उजवा हात हलला.

"अहो, त्यात काय एवढं!" ते माईकमध्येच म्हणाले, आणि परवानग्यांच्या तारखांपासून सुरुवात केली.