आठशे जीएसएम

पिंपळगाव बसवंतात तोलल्याशिवाय काही विकलं जात नाही. टोमॅटो वीस किलोच्या क्रेटातून जातो, कांदा क्विंटलवर, द्राक्ष किलोवर, आणि लग्नाच्या बोलणीत मुलगा बागेच्या एकरांवर. त्यामुळे भाऊंनी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर गाडी पुसायचा निळा टॉवेल ठेवला, तेव्हा कुणालाच काही वावगं वाटलं नाही. साखर न्यायला आलेल्या आजींनी तर "कसा किलो?" म्हणून विचारलंसुद्धा.

काट्याने ५८ ग्रॅम दाखवले. भाऊंनी दुकानदाराकडून पेन मागून पुड्याच्या कागदावर हिशेब मांडला. टॉवेल ४० सेंटिमीटर बाय ४०, म्हणजे ०.१६ चौरस मीटर. पाकिटावर छापलंय ८०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला आठशे ग्रॅम. तेव्हा वजन भरायला हवं १२८ ग्रॅम. भरलं ५८. म्हणजे माल निघाला साडेतीनशेच्या जरा वरचा.

"निम्म्यापेक्षा कमी! कांद्यात एवढी तूट कुणी खपवून घेईल का?"

दुकानदार समजुतीने म्हणाला, "भाऊ, गाडीच पुसायची ना? मग जुनं बनियन काय वाईट हाये?"

या एका वाक्यामुळे आजींची साखर अर्धा तास लांबली.

भाऊंचं खरं नाव गावाला ठाऊक आहे, पण ते इथं लिहिण्यात अर्थ नाही. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या कुठल्याही बऱ्यापैकी गावात आता असा एक भाऊ सापडतो. वय पंचेचाळिशीच्या पुढेमागे. आजोबांच्या काळी दारात बैलजोडी, वडिलांच्या काळी ट्रॅक्टर, मग माल वाहायला पिकअप, आणि एका हंगामात द्राक्षांना बरा भाव लागला म्हणून आलेली एसयूव्ही. तीही काळी, कारण पोरांचा हट्ट. इथंच सगळं बिनसलं. पांढऱ्या गाडीवरचे ओरखडे दडून राहतात. काळ्या गाडीच्या बॉनेटवर दुपारचं ऊन पडलं की कोळ्याने रात्रभर खपून विणल्यासारखं बारीक गोल रेघांचं जाळं लख्ख दिसतं. भाऊंनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सवयीने पहिला प्रश्न विचारला, "हा कोणता रोग?" भुरी, डाऊनी, करपा यांच्या यादीत तो नव्हता. नाशिकच्या डिटेलिंगवाल्या पोराने निदान केलं, "काका, स्वर्ल मार्क्स. फडक्याने आलेत."

फडकं म्हणजे ते पिवळं. आपण सगळ्यांनी ते वापरलंय. पेट्रोल पंपाशेजारी मिळतं, डॅशबोर्डच्या कप्प्यात चुरगळून पडतं आणि पहिल्याच आठवड्यात मातीच्या रंगाचं होतं. टोमॅटोचा हंगाम जोरात असताना बाजार समितीच्या रस्त्याने एक चक्कर मारली तरी गाडीवर धुळीचा थर बसतो. त्या कोरड्या धुळीवरून आपण मोठ्या मायेने ते फडकं फिरवतो. धुळीतले खडे कापडाखाली घरंगळत जातात आणि आपण स्वतःच्या हाताने, वर शीळ घालत, गाडीला पॉलिश पेपर मारत असतो. रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा. डोक्याचा केस त्याहून जाड असतो. भाऊ हे सांगताना स्वतःच्या डोक्यातला एक केस उपटून दाखवायचे. आता समोरच्याचा उपटतात. त्यांच्याकडे साठा कमी उरलाय.

डिटेलिंगवाल्याचं म्हणणं भाऊंना लगेच पटलं, याचं मला नवल वाटलं नाही. द्राक्षवाल्याला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. निर्यातीचा घड देठाला धरून उचलतात. मण्यावर जो पांढरट थर असतो तो बोटाने पुसला गेला, की माल गोड असला तरी डोळ्यांतून उतरला. आयुष्यभर मजुरांना "मण्याला हात लावू नका" म्हणून ओरडणाऱ्या माणसाला काळ्या बॉनेटचं दुखणं कळायला कितीसा वेळ लागणार?

तेव्हापासून भाऊ टॉवेल पारखतात. निव्वळ जीएसएमवर भुलणारा गडी कच्चा, हे त्यांचं पहिलं तत्त्व. जड टॉवेल म्हणजे चांगला टॉवेल असं नसतं. कशासाठी हवा ते आधी ठरवायचं. काचेला तीनशेच्या आसपासचा, कमी लवेचा बरा, नाहीतर काचेवर ढग उमटतात. मेण लावून पुसायला साडेतीनशे-चारशेचा. धुतलेली गाडी कोरडी करायला मात्र हजार-बाराशेचा, चादरीएवढा, जो अंगावर नुसता पसरून ओढला की पाणी पितो. हे काम झटपट व्हावं लागतं, कारण बोअरचं पाणी उन्हात वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके मागे सोडतं, आणि ते काढायला पुन्हा घासाघीस.

दुसरी परीक्षा हाताची. महामार्गाच्या कडेला दोरीवर सनशेड, स्टिअरिंग कव्हर आणि टॉवेल टांगून बसणारे विक्रेते असतात. भाऊ तिथं गाडी थांबवतात, टॉवेल तळहातावर हलकेच ओढतात आणि डोळे मिटतात. ऑक्टोबर छाटणीनंतर, डिपिंग-थिनिंगच्या दिवसांत, भाऊंच्या तळहाताला भेगा असतात. खरा मायक्रोफायबर त्या भेगांना धरतो. त्यात पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड मिळून असतात, ऐंशीला वीस किंवा सत्तरला तीस. आधी दोन्हींचा एक धागा काढतात आणि मग तो उभा चिरून त्याच्या पाकळ्या करतात. एकेक तंतू एक डेनियरहून बारीक, म्हणजे नऊ किलोमीटर लांबीचा घेतला तरी वजन एक ग्रॅम भरणार नाही. त्या पाकळ्यांच्या फटींत धूळ आणि पाणी अडकून बसतं, रंगावरून फरफटत जात नाही. धागा चिरलेलाच नसेल, तर टॉवेल हातावरून गुळगुळीत घसरतो. भाऊ डोळे उघडतात.

"घसरू राहिला हा."

"मऊ आहे म्हणून घसरतो शेठ!"

"मऊ तर मांजर पण असतं. त्याने गाडी पुसू का?"

विक्रेता दुसरा गठ्ठा काढतो. मग काठ तपासायचा. जाड शिवण आली की ती रेघ ओढणार, म्हणून काठ बिनशिवणीचा, यंत्राने कापलेला हवा. कोपऱ्याला कंपनीचं लेबल असेल तर भाऊ खिशातून थिनिंगची कात्री काढतात. घडातले बारीक मणी विरळायची ती अणकुचीदार कात्री. तिने ते लेबलाचा एकेक टाका असा उचलतात की टॉवेलला कळतसुद्धा नाही. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नसतं. शेवटी एकच प्रश्न, निर्यातीची सवय हाडात मुरलेली, "रेसिड्यू?" विक्रेत्याला अर्थ लागत नाही. भाऊंना म्हणायचं असतं, नवा टॉवेल सुट्टी लव आणि रंग किती सोडतो. म्हणून आणलेला माल एकदा धुतल्याखेरीज त्यांच्या गाडीला लागत नाही.

ओट्यावर मैफल जमली की भाऊ जपानला जातात. तोरे कंपनीतले मियोशी ओकामोटो, साल १९७०, इतका बारीक तंतू की त्यापासून हुबेहूब हरणाच्या कातड्यासारखं कापड निघालं. हे त्यांनी कुठून मिळवलं ठाऊक नाही, पण ओकामोटो म्हणजे जणू शेजारच्या शिवारातले पाहुणे, अशा आवाजात सांगतात. ओट्यावरच्या एकाने विचारलं, "त्यांची गाडी कोणत्या रंगाची होती?" भाऊ दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

घरात टॉवेलांची जातवार मांडणी आहे. निळे बॉडीचे, पिवळे काचेचे, राखाडी आतल्या भागाचे, काळे टायर-रिमचे. सरमिसळ चालत नाही. निळा टॉवेल हातातून एकदा जमिनीवर पडला की संपला. त्याला बारीक वाळू लागली, आता तो रंगाला लागणार नाही. झटकला तरी नाही, धुतला तरी भाऊंच्या मनातून नाही. त्याची रवानगी रिमकडे, तिथून इंजिनकडे, तिथून ट्रॅक्टरकडे. या खात्यात बढती नाहीच. आणि हे सगळं धुऊन वाळत असतं त्या दोरीच्या शेवटच्या टोकाला भाऊंचा अंग पुसायचा पंचा असतो, ज्यातून पलीकडचं ग्रामपंचायतीचं नळकोंडाळं दिसतं.

वहिनींनी पहिली काही वर्षं हे सोसलं. मग एकदा त्यांनी सगळे टॉवेल इतर कपड्यांबरोबर मशीनला लावले, वर वासाचं कंडिशनर ओतलं. टॉवेल आले सुगंधी, गुबगुबीत आणि पार निकामी. कंडिशनरचा थर तंतूंवर बसला की पाणी आत शिरत नाही, आणि सुती कपड्यांची लव त्या फटींत अडकते ती निघत नाही. भाऊ टॉवेल हातात घेऊन मशीनसमोर खाली बसले. वहिनी म्हणाल्या, "माझ्या साड्यांचा रंग गेला तेव्हा नव्हते बसले."

त्यानंतर टॉवेल वेगळे, साध्या पातळ साबणात, कोमट पाण्यात, सावलीत वाळवून. धुण्याचं काम अर्थात भाऊंकडे. पण युद्ध थांबलं नाही. एकदा घाईत वहिनींनी तापलेला तवा उचलायला जवळ पडलेला बाराशेचा टॉवेल घेतला. पॉलिएस्टरच ते, जिथं तवा टेकला तिथली लव वितळून कडक टिकली झाली. ती टिकली भाऊ अजून पाहुण्यांना दाखवतात. वहिनी भाकरीही दाखवतात, "आणि ही वाचली ते कुणी बघत नाही."

आईंपुढे मात्र भाऊंचं काही चालत नाही. दसऱ्याला ट्रॅक्टर, पिकअप आणि एसयूव्ही ओळीने धुऊन उभ्या राहतात आणि आई कुंकवाचं बोट घेऊन थेट बॉनेटकडे निघतात. भाऊंनी काचेवर स्वस्तिक काढा म्हणून विनवलं, नंबर प्लेटवर काढा म्हणून विनवलं. आई म्हणाल्या, "देवाला तुझी काच नको, कपाळ पाहिजे." झेंडूच्या माळेतली तार रंगाला लागू नये म्हणून भाऊ माळेखाली निळा टॉवेल अंथरतात, त्यामुळे आमच्या गल्लीत एकच गाडी अशी दिसते की तिला बाळलेणं घालून टोपडं चढवलंय.

दुसऱ्यांच्या गाड्या बघायचं व्यसन त्याहून वाईट. कार्यालयात पंगत बसलेली असते आणि भाऊ पार्किंगमध्ये मोबाइलची बॅटरी लावून बॉनेटवर तिरकं बघत फिरत असतात. एका लग्नात त्यांना पाहून एक तरुण जेवणावरून उठून धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, दोन हप्ते राहिलेत, मार्चपर्यंत भरतो." भाऊंनी त्याला फायनान्सवाले नसल्याचं सांगितलं नाही. "हप्त्याचं बघू," म्हणाले, "आधी ते पिवळं फडकं फेक."

अशा माणसाकडे नवरदेवाच्या गाडीसाठी मागणी जावी, ही नातेवाइकांची हिंमत. पण भाच्याचं लग्न, आणि बहिणीला नाही म्हणणार कोण? भाऊंनी अटी घातल्या. सेलोटेप नाही. तारेचा हार नाही. बॉनेटवर बसून फोटो नाही. गाडी स्वतः चालवणार. मे महिना, पारा चढलेला, वरात डीजेच्या मागे मुंगीच्या पावलाने सरकत होती. कुणीतरी उत्साहाने टपावर स्प्रेचा फेस मारला. भाऊंनी गाडी जागेवर थांबवली, खाली उतरले, बाटलीतलं पाणी शिंपडून टॉवेलची चौघडी घालून फेस टिपला, घडी उलटली, कोरड्या बाजूने पुन्हा टिपलं. डीजे पुढे निघून गेला. वऱ्हाडी थांबून बघत राहिले. दोघांनी तर व्हिडिओ घेतला.

मागच्या सीटवर शेरवानीत उकडून निघालेल्या नवरदेवाच्या फेट्यातून घामाचे ओहोळ कपाळावरून थेट कॉलरमध्ये उतरत होते. तो कळवळून म्हणाला, "मामा, एक टॉवेल द्या ना."

भाऊंनी पिशवी उघडली. निळ्याला हात लावला, काढून घेतला. पिवळा बाहेर आला, परत गेला. राखाडी त्यांनी बराच वेळ चाचपला. मग तळाशी हात घालून काळा काढला आणि मागे धरला.

"घे. कोराच आहे, टायरला अजून लावला नाही. पण टिपून घे रे, घासू नको."