फौजी गाडी, नागरी हौस

लष्कराने निकालात काढलेली गाडी हौसेने घ्यायची, तर नवशिक्याचं मन हमखास जोंग्यावर बसतं. जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या नमुन्यावर बनणारी ही गाडी १९९९ मध्ये बंद झाली, आणि तेव्हापासून तिचा भाव चढतच गेला. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, पेट्रोलचं इंजिन. ॲव्हरेज किती, हे मालकाला विचारू नये; तो लगेच लडाखच्या गप्पा काढतो.

शहाण्याने बॉनेट नंतर उघडावं. आधी खाली वाकून चासीला स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहावा. आत घुसला, तर वरची चकाकी फौजी शिस्तीची नव्हे, दलालाच्या पुट्टीची. आणि कागद? लिलावाची पावती नाही, आरटीओची नोंद नाही, तर आपण गाडी नव्हे, भंगार घेतलं, तेही सोन्याच्या भावाने. खरंच चालवायची असेल त्याने मुकाट्याने जिप्सी घ्यावी, सुटे भाग तरी मिळतात. जोंगावाले तिला गाडीच मानत नाहीत, हा भाग वेगळा.

खरी गंमत रंगाची. सगळा जीव जडलेला असतो त्या हिरव्यावर. आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१वा नियम सांगतो, ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना! पाटीवरचा वर तोंड केलेला बाणही जातोच. मग हे हौशी सुभेदार रंगवाल्याकडे तासन्‌तास शेडकार्ड चाळत बसतात. पोलिसाला दिसू नये आणि शेजाऱ्याला दिसावा, असा हिरवा त्यांना हवा असतो.