ट्रायपॉडकरांचा चौथा ट्रायपॉड

‘साहेब, मोजणी कुठवर आली?’

माळावर तीन पायांचं काहीतरी उभं करून त्याच्या डोक्यावर यंत्र बसवणाऱ्या माणसाला महाराष्ट्रात हा प्रश्न ठरलेला आहे. बांधावरून येणारे आजोबा आधी यंत्राकडे बघतात, मग आपल्या वावराकडे, आणि नवा रस्ता नेमका कुणाच्या विहिरीवरून जाणार याचा अंदाज बांधू लागतात. ‘मोजणी नाही हो आजोबा, फोटो काढतोय,’ या उत्तरावर त्यांचा विश्वास बसत नाही. फोटोला एवढं सामान? नातू तर चालत्या मोटरसायकलवरून काढतो.

या माणसाचं खरं आडनाव काहीही असो, ओळखीत तो ट्रायपॉडकर. रविवारी पहाटे फोटो काढायला बाहेर पडणाऱ्या प्रत्येक टोळक्यात असा एक असतोच. वय पंचेचाळीस ते पासष्ट, नोकरी सरळमार्गी, जॅकेटला अकरा खिसे. खांद्यावर लांबट काळी पिशवी. तिच्यात काय आहे, हे प्रत्येक नाक्यावरचा हवालदार उघडून बघतो आणि निराश होतो. इतर छायाचित्रकार कॅमेरा आणि लेन्स यांवर तासन्‌तास बोलतात. ट्रायपॉडकर बोलतात ते कॅमेऱ्याच्या खालच्या भागाविषयी.

बोलायला त्यांना उडप्याच्या हॉटेलातलं डुगडुगणारं टेबल पुरतं. वेटर पायाखाली कागदाची घडी सारत असतो, तेवढ्यात ते सुरू होतात. ‘चार पाय आले की त्यातला एक अधांतरी राहणारच. तीन टोकं मात्र कुठल्याही खडबडीत जागेवर एकदम टेकतात. भूमितीच आहे ती! आणि आपली मराठी म्हणते तीन तिघाडा काम बिघाडा.’ भाषेवरचा त्यांचा हा राग जुना आहे. इडली गार होते.

मात्र या ज्ञानाला ते सहज पोचलेले नाहीत. स्वस्त आणि मजबूत असा ट्रायपॉड शोधण्यात त्यांच्या आयुष्याची नऊ वर्षं आणि चार ट्रायपॉड खर्ची पडले.

पहिला बाराशे रुपयांचा. सोबत पिशवी फुकट, आणि खरेदीचं खरं कारण तीच होती. सगळे सांधे प्लास्टिकचे, मधला दांडा वरखाली करायला एक चिमुकला हँडल. तो फिरवताना उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाची आठवण यायची. ट्रायपॉडकर तो घेऊन मरीन ड्राइव्हला गेले, अंधार पडल्यावर आठ सेकंदांचं एक्स्पोजर लावलं आणि समुद्राकडून वारा सुटला. राणीचा हार फोटोत आलाच नाही. आली ती राणीची सही, तीही घाईत केलेली.

दुसरा साडेतीन हजारांचा, उंच. निदान दुकानात तरी उंच दिसला. घरी आल्यावर कळलं की पाय छातीपर्यंतच येतात, बाकीची उंची मधल्या दांड्याची. तो दांडा पूर्ण वर काढला की तीन पायांवर चौथा एकच पाय उभा केल्यासारखं होतं, आणि कॅमेरा त्या एका पायावर डोलतो. दहीहंडीत वरच्या थरावरचा गोविंदा डोलतो तसा.

तिसरा सात हजारांचा, प्रवासी जातीचा. मिटला की लाटण्याएवढा. इतका आखूड मिटायचा तर पायांचे पाच पाच तुकडे पाडावे लागतात, आणि प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा बारीक. सगळ्यात खालचा पेन्सिलीशी स्पर्धा करणारा. खोक्यावर मात्र छापलं होतं, ‘कमाल भार 12 किलो.’ हा आकडा कसा मोजायचा याचं सर्वांना बांधील असं एक मोजमाप नाही, ही गोष्ट ट्रायपॉडकरांना पैसे दिल्यानंतर समजली. ‘अहो, स्वयंपाकघरातलं स्टूलसुद्धा माझे ऐंशी किलो पेलतं,’ ते आता इतरांना सांगतात, ‘पण वर चढून पंख्याची पाती पुसताना थरथरतं की नाही? मोडणार नाही आणि हलणार नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.’

चौथ्याच्या वेळी ते अभ्यास करून गेले. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात, जिथे कॅमेऱ्याची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. खिशात मोजपट्टी, पाठीवर स्वतःचा कॅमेरा आणि सगळ्यात लांब लेन्स. सोबत भाचा, उद्देश असा की कुणीतरी हे शिकावं.

‘काका, हा बघा, लाल रंगात पण आहे.’

‘रंग नको बघूस. नळीचा व्यास बघ.’ त्यांनी मोजपट्टी लावली. पातळ नळीची जाडी तीच ठेवून व्यास वाढवला तर ताठपणा व्यासाच्या घनाच्या हिशेबानं वाढतो. म्हणजे 22 मिलीमीटरच्या जागी 28ची नळी आली की ताठपणा साधारण दुप्पट. हे गणित त्यांनी दुकानदाराला त्याच्याच बिलबुकाच्या मागे करून दाखवलं. दुकानदारानं ते पान शांतपणे उलटलं.

मग उंची. ‘माझी उंची 170 सेंटिमीटर. डोळे येतात 158ला. त्यातून हेडचे दहा वजा, कॅमेऱ्याचा तळ ते व्ह्यूफाइंडर आठ वजा. उरले 140. मधला दांडा न उचलता पायांनी एवढी उंची गाठली पाहिजे. उताराला दहा जास्त धरू.’ शिंप्याकडे माप द्यावं तसे ते ताठ उभे राहिले होते.

मग खरी परीक्षा. मातीचं मडकं घेताना बायका टिचकी मारतात, तशी. कॅमेरा वर चढवला, मागच्या पडद्यावर समोरच्या दुकानाची पाटी दहापट मोठी केली, आणि लेन्सच्या टोकाला एक टिचकी. पाटीवरची अक्षरं थरथरली. ट्रायपॉडकर मोठ्यानं सेकंद मोजू लागले. एका ट्रायपॉडला अक्षरं स्थिर व्हायला चार सेकंद लागले, दुसऱ्याला दोन. समोरचा पाटीवाला दुकानदार बाहेर येऊन उभा राहिला.

‘शेठ, कार्बन फायबर दाखवू?’ दुकानदारानं हुकमी पान टाकलं.

इथे ट्रायपॉडकरांनी कानाची पाळी पकडली. गिट्झोचं नाव निघणार असेल तर ते पकडतातच. 1917 साली फ्रान्समध्ये सुरू झालेलं हे घराणं. कार्बन फायबरचे पाय पहिल्यांदा बाजारात आणले तेही त्यांनीच, 1990च्या दशकात. मॅनफ्रोट्टो हे इटलीचं घराणं, बस्सानो देल ग्राप्पाचं. संस्थापक लीनो मॅनफ्रोट्टो हे स्वतः फोटोग्राफर. हल्ली चिनी घराण्यांतही चांगली गायकी ऐकू येते, हे ते मोकळेपणानं मान्य करतात. कार्बनचे गुणही त्यांना तोंडपाठ आहेत: हलका, कंप लवकर जिरवणारा, डिसेंबरच्या पहाटे हाताला ॲल्युमिनियमसारखा चटका न देणारा. पण किंमत ऐकून पाळी सुटली. वजनातला फरक होता अर्धा किलो आणि किमतीतला पंधरा हजार.

‘अर्धा किलो कमी करायला पंधरा हजार? त्यापेक्षा मीच कमी करतो!’

ॲल्युमिनियमचा ठरला. या गोष्टीला दोन वर्षं झाली. घरात त्या अर्ध्या किलोची अजून वाट बघितली जात आहे.

पाय ठरले, पण डोकं राहिलं. चांगल्या ट्रायपॉडचे पाय आणि डोकं वेगवेगळे विकत मिळतात, ही बातमी त्यांच्या पत्नीला फार उशिरा कळली. तीन दांड्यांचं हेड काटेकोर, इमारतींच्या फोटोंना उत्तम. पण दांडे पिशवीतून बरगडीत घुसतात. बॉलहेडला एकच मोठी खुंटी, पिळली की काम झालं. स्वस्त बॉलहेडचा दोष असा की खुंटी पिळून हात काढल्यावर लेन्सचं नाक हळूच खाली झुकतं, दुपारी जेवून ऑफिसात बसलेल्या माणसासारखं. ट्रायपॉडकरांनी न झुकणारं घेतलं, आणि त्यावर आर्का पद्धतीची प्लेट, म्हणजे पुढेमागे दुसऱ्या कंपनीचीही चालेल. कॅमेऱ्याच्या पोटातला स्क्रू तर सगळीकडे पाव इंची, इंचाला वीस आटे, यावर ते तृप्त असतात. मोबाइलचे चार्जर एक व्हायला केवढी वर्षं गेली! अडचण एकच. ती प्लेट आवळायला नाणं लागतं. पूर्वी खिशात पाचाचं असायचंच. आता सगळा व्यवहार फोनवर. त्यामुळे सूर्योदयाला चार मिनिटं उरलेली असताना टपरीवाल्याला वीस रुपये ऑनलाइन पाठवून एक नाणं मागणारा माणूस दिसला, तर तो हाच.

बिल झालं बावीस हजार. घरी ‘दहाच्या आसपास’ असं सांगण्यात आलं. पण काकूंनी दुधाच्या बिलामागे बेरीज मांडली: बाराशे, साडेतीन हजार, सात हजार, आणि पिशवीच्या तळाशी सापडलेल्या पावतीवरचे बावीस. एकूण 33,700.

‘अहो, म्हणजे पहिल्यांदाच हा घेतला असता तर अकरा हजार सातशे वाचले असते.’

‘ते शिकवणीचे,’ ट्रायपॉडकर म्हणाले.

जुने तिघे वाया गेलेले नाहीत. दुसऱ्यावर दिवाळीत आकाशकंदील असतो. तिसरा भाचा घेऊन गेला. आणि पहिल्या बाराशेच्या ट्रायपॉडवर फोन लावून काकू उकडीच्या मोदकांचे व्हिडिओ काढतात. फोनचं वजन दोनशे ग्रॅम, स्वयंपाकघरात वारा नाही. तो ट्रायपॉड तसूभर हलत नाही. काकूंचे मोदक चाळीस हजार लोकांनी पाहिले. याबद्दल ट्रायपॉडकरांना अभिमान आहे, पण तो विषय ते स्वतःहून काढत नाहीत.

चौथा ट्रायपॉड आदर्श आहे, फक्त त्याच्या लायकीची जागा मिळत नाही. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते. तेव्हा कॅमेरा आत जातो आणि हा चपलांसारखा बाहेर थांबतो. भिगवणला फ्लेमिंगोंसाठी त्यांनी तो बोटीत उभारला. ट्रायपॉड बोटीत घट्ट, पण बोटच उजनीच्या पाण्यावर डुलत होती. नावाडी म्हणाला, ‘साहेब, ते मिटवा, एक माणूस बसंल तिथं.’ शेजारचे गृहस्थ तांदूळ भरलेल्या पिशवीवर लेन्स टेकवून फोटो काढत होते.

तरी ते तो नेतात, आणि शेजाऱ्यालाही शिस्त लावतात. ‘स्टॅबिलायझर बंद केलात ना?’ हे ते, बाहेरगावी निघताना ‘गॅस बंद केलास ना?’ विचारावं त्या काळजीनं विचारतात. बोटानं बटण दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. मधला दांडा खाली घ्या. वारा आहे, हुकाला बॅग अडकवा. लोंबकळू देऊ नका, जमिनीला टेकलेली बरी. हे सगळं होईपर्यंत सूर्य वर येतो.

गेल्या गौरींना मात्र संधी आली. जेवणं झाल्यावर एकवीस माणसं मखरापुढे बसली. दिवे मंद, फ्लॅश त्यांना वर्ज्य, म्हणून शटर अर्ध्या सेकंदाचं. ट्रायपॉडकरांनी बुडबुडा मध्यावर आणला, स्टॅबिलायझर बंद केला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि धोतर सावरत आपल्या जागेकडे धावले. सतरंजीची कड पायात आली.

तो फोटो आता दिवाणखान्यात दोन फूट रुंदीचा लावलेला आहे. गौरींच्या नथीतला मोती न्‌ मोती वेगळा दिसतो, मागच्या कॅलेंडरवरची एकादशी वाचता येते. डाव्या कोपऱ्यात एक पांढरा पट्टा आडवा गेला आहे. नीट पाहिलं तर त्यात चष्मा सापडतो. आलेला पाहुणा विचारतो, ‘हे काय हललंय?’

‘मी,’ ट्रायपॉडकर म्हणतात. ‘पण ट्रायपॉड बघा.’